ऑलिव्हचे झाड आणि खारा झरा

कोल्हापूर येथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहनांच्या काळात, तेथे नांदते गाव होते. १९४० नंतरच्या दशकात या टेकडीतून ज्या प्राचीन वस्तू हाती आल्या, त्यांत ब्राँझची एक लहानशी मूर्ती होती. तळहातावर सहज मावावी एवढी. दाढीधारी, उघड्या अंगाचा, ऐटीत उभा असलेला पुरुष. पुढे ही मूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात ठेवण्यात आली. मुख्याध्यापक असताना मी सातवीच्या मुलांना तेथे सहलीस नेत असे. मूर्तीपुढे आलो की मी विचारी, "हा कोणता देव, सांगा पाहू?" मुले विचारात पडत. याचे शस्त्र त्रिशूळ, एवढी खूण सांगितली की सारी एका सुरात ओरडत, "शंकर!"

तो शंकर नव्हे. तो पोसायडन, ग्रीक लोकांचा समुद्रदेव. त्या काळी रोमन साम्राज्यातील इजिप्त देशातून निघालेली गलबते मोसमी वाऱ्यांच्या जोरावर अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यास लागत. या व्यापाराची हकीगत सांगणारे एक छोटेसे पुस्तक पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दीने लिहून ठेवले आहे. त्यात सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर या आपल्या गावांची नावे आढळतात. ग्रीकांना आपले पूर्वज यवन म्हणत. कार्ल्याच्या लेण्यात, आपण यवन आहोत असे सांगणाऱ्या देणगीदारांचे लेख स्तंभांवर आजही वाचता येतात. तेव्हा समुद्राचा देव गलबतात बसून आला आणि सह्याद्री चढून कोल्हापुरास पोहोचला, यात नवल ते काय! मला कौतुक वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. हा देव एका मोठ्या सामन्यात हरलेला आहे, आणि ज्यांच्या गावात तो हरला त्यांनी त्याला गावाबाहेर घालवले नाही.

ती कथा अशी आहे. ग्रीस देशात अ‍ॅटिका नावाचा प्रांत आहे. जमीन खडकाळ, माती पातळ, पाऊस बेताचा. तेथे केक्रॉप्स नावाचा पहिला राजा होऊन गेला. तो कमरेच्या वर माणूस आणि कमरेखाली नाग होता, असे ग्रीक लोक सांगत. त्याच्या नगराचे दैवत कोणी व्हावे यावरून दोन देवतांत तंटा लागला. एक होता पोसायडन, देवराज झ्यूसचा भाऊ. दुसरी होती अथीना, झ्यूसचीच मुलगी. बुद्धीची, विणकामाची आणि युद्धनीतीचीही देवता. जो नगराला अधिक मोलाची देणगी देईल त्याचे नगर, असे ठरले. पोसायडनने मध्यावरच्या उंच खडकावर त्रिशूळ हाणला. खडक दुभंगला आणि खाऱ्या पाण्याचा झरा उसळला. अथीनेने गाजावाजा केला नाही. तिने खडकावर ऑलिव्हचे एक झाड लावले. ऑलिव्ह म्हणजे आपण ज्याला जैतून म्हणतो ते. कौल अथीनेच्या बाजूने लागला आणि तिच्या नावावरून त्या नगराचे नाव अथेन्स पडले.

ग्रीकांच्या देवांविषयी एक गोष्ट येथेच सांगून ठेवतो. हे देव अमर होते, बलाढ्य होते. पण ते रागावत, रुसत, एकमेकांचा हेवा करत, कधी खोटेही बोलत. त्यांच्या धर्मात आपल्या वेदांसारखा एकच सर्वमान्य ग्रंथ नव्हता. कवी जे गात, आजी जे सांगे, तेच पुराण. त्यामुळे एकाच कथेची चार गावांत चार रूपे होत आणि त्यात कोणाला वावगे वाटत नसे. अथीना आणि पोसायडन यांच्या सामन्यात न्याय कोणी दिला? कोणी म्हणे देवांनी, कोणी म्हणे केक्रॉप्सने. एका रोमन विद्वानाने नोंदवलेली कथा मात्र फार बोलकी आहे. तिच्यात सर्व नगरवासीयांचे मत घेतले गेले. पुरुषांनी पोसायडनला मत दिले, स्त्रियांनी अथीनेला. आणि स्त्रिया संख्येने एकीने अधिक असल्याने अथीना जिंकली. मग पोसायडन संतापला, त्याने सारा प्रांत पाण्याखाली घातला, आणि त्याचा राग शांत व्हावा म्हणून पुरुषांनी स्त्रियांचा मताधिकार कायमचा काढून घेतला! नगराला देवी मिळवून दिली स्त्रियांनी, आणि शिक्षाही त्यांनाच.

अथेन्स ही लोकशाहीची जन्मभूमी, हे तुम्ही इतिहासात वाचता. ते खरेच आहे. परंतु त्या लोकशाहीत मत होते ते केवळ प्रौढ नागरिक पुरुषांना. स्त्रिया, गुलाम आणि परगावचे रहिवासी यांना सभेत स्थान नव्हते. आपल्या व्यवस्थेतील हे व्यंग खुद्द त्या लोकांनाही कोठेतरी सलत असावे. एरवी त्याचे कारण सांगणारी कथा कशाला रचावी लागली असती? असो. आधुनिक ग्रीसमध्ये राष्ट्रीय निवडणुकांत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९५२ साली.

आता देणग्यांकडे वळू. ही कथा सांगितली की वर्गात कोणीतरी हमखास विचारी, "गुरुजी, खारे पाणी कोणाच्या काय कामाचे?" प्रश्न रास्त आहे. ऑलिव्हचा उपयोग सांगायलाच नको. त्याच्या फळाचे तेल खाण्यास, दिव्यास, अंगाला चोळण्यास, सगळीकडे लागे. हे झाड फळायला कित्येक वर्षे घेते. पण एकदा रुजले की खडकाळ जमिनीत, थोड्या पाण्यावर शेकडो वर्षे उभे राहते. आजोबांनी लावावे आणि नातवाने तेल काढावे, असा तो वृक्ष. अथेन्समध्ये देवीच्या नावाची काही ऑलिव्हची झाडे राखीव होती, आणि ती तोडणाऱ्यास एके काळी देहदंड होता. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी सोलोन नावाच्या कायदेपंडिताने शेतातला अन्य कोणताही माल परदेशी विकण्यास बंदी केली. सूट दिली ती एकट्या ऑलिव्हच्या तेलाला.

पण मुलांनो, तेल परदेशी जाणार कसे? जहाजांतून! अ‍ॅटिकात धान्य पुरेसे पिकत नव्हते. ते काळ्या समुद्राच्या काठावरून आणावे लागे, आणि तेही जहाजांतूनच. म्हणजे अथीनेने दिलेल्या तेलाचा पैसा व्हायचा असेल, तर पोसायडनच्या खाऱ्या पाण्यावाचून गत्यंतर नव्हते. खडकावरचा तो कुचकामी झरा म्हणजे समुद्राचीच खूण होती.

ही खूण अथेन्सला पटली ती मोठ्या संकटात. इ. स. पूर्व ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सीस प्रचंड सैन्य घेऊन ग्रीसवर चालून आला. अथेन्सच्या लोकांनी डेल्फी येथील अपोलोच्या मंदिरात कौल मागितला. उत्तर आले, की लाकडी तटबंदी तुमचे रक्षण करील. कौल हा नेहमीच कोड्यासारखा असे. काही वृद्धांना वाटले, की टेकडीभोवती लाकडी कुंपण घालावे. थेमिस्टोक्लीस नावाचा पुढारी म्हणाला, "लाकडी तटबंदी म्हणजे आपली जहाजे." या दूरदर्शी माणसानेच थोड्या वर्षांपूर्वी, लॉरियनच्या खाणीत सापडलेली चांदी घरोघर वाटून न घेता तिच्यातून युद्धनौका बांधण्यास लोकांचे मन वळवले होते. लोकांनी त्याचे ऐकले. बायकामुलांना सुरक्षित जागी पोहोचवून पुरुष नौकांवर चढले. इराणी सैन्याने रिकाम्या अथेन्समध्ये शिरून टेकडीवरची मंदिरे जाळली. देवीचे ऑलिव्हही जळाले. परंतु सालामिस बेटाजवळच्या अरुंद खाडीत ग्रीक नौकांनी इराणी आरमाराचा धुव्वा उडवला.

त्या प्रत्येक नौकेवर सुमारे १७० वल्हेकरी बसत. त्यांत पुष्कळसे गरीब नागरिक होते. ज्यांच्याजवळ घोडा नाही, चिलखत नाही, असे. नगर वाचवले ते या हातांनी. पुढे सभेत त्यांच्या शब्दाला वजन आले यात आश्चर्य नाही. श्रीमंत जमीनदारांनी वाढवलेल्या ऑलिव्हइतकेच खाऱ्या पाण्यानेही लोकशाहीला पोसले, असे मला वाटते.

हिरोडोटस या इतिहासकाराने एक सुंदर गोष्ट लिहून ठेवली आहे. मंदिर जाळल्यानंतर दुसऱ्या दिवशी काही लोक पूजेसाठी टेकडीवर गेले, तो त्या जळक्या ऑलिव्हच्या बुंध्यातून हातभर लांबीचा नवा कोंब फुटलेला त्यांना दिसला. एका दिवसात हातभर, ही भक्तांची अतिशयोक्ती असेल. पण जळालेल्या वा तोडलेल्या ऑलिव्हच्या बुडातून पुन्हा कोंब फुटतात, ही गोष्ट कोणताही ग्रीक शेतकरी सांगेल.

निवृत्तीनंतर अथेन्स पाहण्याचा योग आला. ज्या टेकडीवर हा सामना झाला तिचे नाव अ‍ॅक्रोपोलिस, म्हणजे उंचावरचे नगर. वाटेतला संगमरवर लक्षावधी पावलांनी इतका गुळगुळीत झाला आहे, की माझ्यासारख्या वयस्काने काठी टेकतच चालावे. वर पोहोचताच दृष्टी खिळते ती पार्थेनॉनवर. अथीनेचे हे भव्य मंदिर इ. स. पूर्व ४४७ ते ४३२ या काळात पेरिक्लीस या नेत्याच्या प्रेरणेने उभे राहिले. आत फिडियस या शिल्पकाराने सोने आणि हस्तिदंत वापरून घडवलेली अथीनेची उत्तुंग मूर्ती होती. ती केव्हाच नष्ट झाली. मंदिराच्या पश्चिमेकडील त्रिकोणी माथ्यावर आपलाच सामना कोरलेला होता: एकीकडे अथीना, दुसरीकडे पोसायडन.

तथापि माझे पाय रेंगाळले ते पलीकडच्या लहान मंदिराशी. त्याचे नाव एरेक्थिऑन. या मंदिराची बांधणी उंचसखल आणि वाकडीतिकडी आहे; कारण ज्या पवित्र जागा आधीपासून होत्या, त्यांपैकी एकही न हलवता शिल्पकाराला सर्वांना सांभाळून घ्यायचे होते. येथे अथीनेची ऑलिव्हच्या लाकडाची अतिप्राचीन मूर्ती होती; ती आकाशातून पडली अशी श्रद्धा होती. आणि त्याच छपराखाली पोसायडनचीही पूजा होत असे! उत्तरेकडील मंडपाच्या फरशीत एक चौकोनी भोक मुद्दाम मोकळे ठेवले आहे. त्यातून खालच्या खडकावरचे खड्डे दिसतात. त्या त्रिशूळाच्या खुणा, असे अथेन्सचे लोक मानत. नेमके त्यांच्यावर छतालाही भोक ठेवलेले आहे, जणू त्रिशूळ आताच आकाशातून आला असावा. जिंकलेली देवी आणि हरलेला देव एका घरात! मंदिराच्या पश्चिमेस ऑलिव्हचे एक झाड आहे. ते अथीनेचे झाड नव्हे, अलीकडच्या काळात लावलेले आहे. पण लावणाऱ्याला जागा बरोबर ठाऊक होती.

ग्रीकांची पूजा आपल्याप्रमाणे गाभाऱ्यात होत नसे. मंदिर हे देवाचे घर; पूजा घराबाहेर, उघड्यावरच्या वेदीशी. पशूचा बळी दिला जाई. हाडे आणि चरबी अग्नीत जाळून धूर देवांना पोहोचवत, आणि मांस शिजवून सर्वांना वाटत. अथेन्सचा सर्वांत मोठा उत्सव अथीनेचा. दर चौथ्या वर्षी तो विशेष थाटाने होई. नगरातल्या स्त्रिया आणि मुली देवीसाठी महिनोन्महिने एक वस्त्र विणत. ते वस्त्र कसे मिरवत ठाऊक आहे? चाकांवर चालणाऱ्या एका नौकेच्या डोलकाठीला शिडासारखे बांधून! बुद्धीच्या देवीचे वस्त्र, आणि तिची मिरवणूक समुद्रदेवाच्या वाहनावरून. या उत्सवातील शर्यतींत विजयी होणाऱ्यांस देवीच्या राखीव ऑलिव्हचे तेल मिळे. मोठाल्या चित्रित मातीच्या कुंभांतून, आणि प्रत्येक कुंभात चाळीस लिटरांच्या आसपास.

हे सर्व सुमारे हजार वर्षे चालले. मग काळ पालटला. रोमन साम्राज्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि सम्राट थिओडोसियस याने इ. स. ३९१-३९२ मध्ये जुन्या देवांच्या पूजेवर बंदी घातली. पार्थेनॉनचे चर्च झाले, पुढे तुर्की अमदानीत मशीद झाली, नंतर दारूगोळ्याचे कोठार. १६८७ साली व्हेनिसच्या सैन्याचा तोफगोळा त्या कोठारावर पडला आणि दोन हजार वर्षे टिकलेली इमारत मध्यभागी कोसळली.

हा इतिहास मी एकदा सातवीच्या वर्गात सांगत होतो. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारसे बोलत नसे. तिने विचारले, "गुरुजी, ज्या देवाला कोणीच पुजत नाही, तो देव मरतो का?" वर्ग हसला, मी मुळीच हसलो नाही. एवढा खोल प्रश्न मला एम. ए. च्या वर्गातही कोणी विचारला नव्हता. मी तिला म्हटले, "उद्या कंपासपेटी घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सर्वांना वर्तुळ काढायला लावले आणि विचारले, "कंपासचे टोक जेथे टोचले, त्या बिंदूला काय म्हणतात?" "केंद्र!" हा शब्द आपला वाटतो, पण तो ग्रीकांकडून आपल्या ज्योतिषात आला. त्यांचा मूळ शब्द 'केंत्रॉन', आणि त्याचा अर्थ बैलाला टोचायची पराणी! ज्योतिषातला 'होरा' त्यांचाच. 'दाम' हा शब्दही त्यांच्या 'द्राख्मा' या नाण्यावरून, संस्कृतातील 'द्रम्म' या रूपाने आपल्याकडे आला. आपण 'साहित्य अकादमी' म्हणतो. अकादमी म्हणजे अथेन्सबाहेरची अकादेमॉस या वीराच्या नावाची राई, जेथे देवीची ऑलिव्हची झाडे होती आणि जेथे प्लेटो शिकवीत असे. नकाशांच्या पुस्तकाला अ‍ॅटलास म्हणतात. ते आकाश खांद्यावर पेलणाऱ्या एका राक्षसी पुरुषाचे नाव. म्यूझियम म्हणजे कलांच्या नऊ देवतांचे, म्यूझांचे, स्थान. पोसायडनचे रोमन नाव नेपच्यून; १८४६ साली सापडलेल्या दूरच्या ग्रहाला तेच दिले गेले. १९६९ साली माणसाला चंद्रावर नेणाऱ्या मोहिमेचे नाव अपोलो होते. २०२२ साली चंद्राला फेरी मारून परत आलेल्या यानाच्या मोहिमेचे नाव आर्टेमिस. ही ग्रीकांची चंद्रदेवता, अपोलोची जुळी बहीण. आणि ग्रीकांचा झ्यूस व आपल्या ऋग्वेदातला द्यौ ही दोन्ही नावे एकाच प्राचीन शब्दापासून निघाली, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात.

ती मुलगी पुष्कळ वेळ वहीतल्या वर्तुळाकडे पाहत बसली. मग म्हणाली, "म्हणजे त्यांची वेदी गेली, पण ते गावात आहेत." तिच्या उत्तरात मला काही भर घालावीशी वाटली नाही.

एरेक्थिऑनच्या दक्षिणेस एक छोटा मंडप आहे. त्याचे छप्पर खांबांनी नव्हे, तर सहा संगमरवरी तरुणींनी डोक्यावर पेललेले आहे. पाठीवर जाड वेण्या, अंगावर घोळदार वस्त्रे, एक गुडघा किंचित वाकलेला. ओझ्याची तक्रार एकीच्याही चेहऱ्यावर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, तुर्की राजवट असताना, एल्गिन नावाच्या ब्रिटिश वकिलाने पार्थेनॉनवरची पुष्कळशी शिल्पे काढून इंग्लंडला नेली. त्यांबरोबर या सहा जणींतील एकीलाही नेले. १८१६ साली ब्रिटिश सरकारने ती सर्व विकत घेतली, आणि तेव्हापासून ती लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आहे. तिकडे ती नीट जतन झाली, जगभरच्या लोकांनी तिला पाहिले, असे एक पक्ष म्हणतो. घरातली लेक घरी यावी, असे ग्रीक लोक म्हणतात, आणि कित्येक वर्षे ते तिला आणि पार्थेनॉनच्या शिल्पांना परत मागत आहेत. मला विचाराल, तर माझे मत ग्रीकांच्या बाजूने पडेल.

उरलेल्या पाच जणींना हवेतील दूषित वायूंपासून वाचवण्यासाठी १९७९ साली आत हलवण्यात आले. मंडपात आज दिसतात त्या प्रतिकृती. मूळच्या पाच जणी टेकडीच्या पायथ्याशी २००९ साली उघडलेल्या नव्या संग्रहालयात, मंडपात होत्या त्याच क्रमाने उभ्या आहेत. त्यांच्या चौथऱ्यावर सहावीची जागा मोकळी ठेवली आहे.